तोर्लाइफनं धरलेलं लोखंड

तोर्लाइफ माझा थोरला दीर. त्याच्याइतका आतल्या गाठीचा माणूस आमच्या बेटावर दुसरा नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे सांगतानाही माझी जीभ अडखळत नाही. आस्लाकला, माझ्या नवऱ्याला, माती देऊन आम्ही घरी आलो, लोकांच्या हातात अजून कॉफीचे पेले होते, आणि हा बाबा मोजपट्टी घेऊन खाली किनाऱ्यावर माझं होडीघर मोजत होता.

मी काळ्या कपड्यांतच खाली गेले. म्हटलं, "काय मोजतोयस?"

"काही नाही. सहज."

"सहज माणूस नाक शिंकरतो, तोर्लाइफ. मोजपट्टी घेऊन फिरत नाही."

त्यानं पट्टी गुंडाळली आणि खिशात घातली. त्याला तिथे खाटा टाकायच्या होत्या. एक शेगडी, समुद्राकडे मोठी खिडकी, आणि उन्हाळाभर भाड्यानं राहायला गळ टाकणारे जर्मन. हे मला दुकानवाल्या ह्योर्दिसकडून कळलं. ह्योर्दिसच्या कानावर आलेली गोष्ट तिच्या पोटात राहत नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आता आमच्याकडची रीत अशी. किनारा सगळ्यांचा, होडीघराच्या जागेचा कागद कुणापाशीच नाही. जूनमध्ये सांक्तहान्सची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाची होळी पेटते, त्याआधी त्या होडीघरातली होडी शिडावर समुद्रातल्या पाद्र्याच्या कातळाला वळसा घालून यायला हवी. कातळ डाव्या हाताला ठेवून, वल्हं न लावता, मोटार न लावता. ओळीनं तीन उन्हाळे फेरी झाली नाही तर जागा शेजारच्या होडीघरवाल्याला जाते. आता सगळ्यांच्याच होड्यांना मोटारी आहेत. तोर्लाइफ स्वतः वर्षातून एकदा चादरीएवढं शीड लावतो, कुथत-कुथत वळसा घालतो आणि शीड परत माळ्यावर टाकतो. पण रीत ती रीत. आणि माझ्या शेजारचा होडीघरवाला कोण, हे सांगायला नकोच.

आस्लाक गेल्यावर दोन उन्हाळे कोरडे गेले. हा तिसरा.

लोक म्हणाले, जाऊ दे ना गुनवोर, तुला होडीघर कशाला हवं, तू काय मासे धरणार आहेस? लोकांचं काय जातं बोलायला! मी आतल्या दऱ्यांमधली, लग्न होऊन इथे आले. इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी दुकानात माझं नाव 'डोंगरातली गुनवोर'. सासरचं घर आस्लाकचं, शेत आस्लाकच्या बापाचं, चर्चमधला बाकसुद्धा सासऱ्यांच्या नावाचा. होडीघर मात्र मी आणि आस्लाकनं मिळून उभं केलेलं, त्याचा दगड न दगड मी वाहिलेला. ते गेलं असतं तर मी या बेटावर पुन्हा पाहुणी झाले असते. आणि पाहुणी म्हणून मरायची माझी तयारी नव्हती.

होडी होती. आस्लाकनं एका हिवाळ्यात घरीच बांधलेली छोटी वल्ह्याची होडी, फळीवर फळी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी शिवलेली. शीडही होतं म्हणायला, पण वाऱ्याच्या तोंडावर घेतली की खेकड्यासारखी आडवी सरकायची. त्या होडीनं पाद्र्याच्या कातळाला वळसा घालायचा तर वारा आपल्या बापाचा नोकर असायला हवा. तेव्हा मी ठरवलं, होडी बदलायची. दोन्ही काठांना एकेक नवी फळी चढवून तिला उंच करायची. डोलकाठी हातभर पुढे न्यायची. आणि तळाला फट पाडून त्यात एक पेटी बसवायची, पेटीतून एक पाट खाली पाण्यात सोडायचा, म्हणजे ती आडवी सरकणार नाही.

फट पाडायला मी करवत लावली त्या दिवशी तोर्लाइफ दारात येऊन उभा राहिला.

"अगं बाई, होडीचा गळा कापतेयस की काय?"

"तुझा कापत नाहीये ना? मग तुला का दुखतंय?"

"आस्लाकला हे आवडलं नसतं."

"आस्लाकला तूही आवडायचा नाहीस. तरी तुला जगू देतातच ना लोक."

तो हसला. तोर्लाइफ हसतो तेव्हा त्याचे फक्त दात दिसतात.

सगळं काम मी एकटीनं केलं असतं, पण फळ्या एकट्यानं शिवता येत नाहीत. खिळा बाहेरून आत ठोकायचा, आत त्याच्या टोकावर तांब्याची चकती बसवायची, आणि टोक ठोकून ठोकून चकतीवर पसरवायचं. तेवढा वेळ बाहेर कुणीतरी खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरायला हवं. ते लोखंड हललं की खिळा मागे सरकतो आणि फळी फळीला आवळली जात नाही. म्हणजे एक ठोकणारा आत, एक धरणारा बाहेर, मध्ये फळी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आस्लाकबरोबर मी जन्मभर बाहेरच बसले, लोखंड धरून. आत बसून ठोकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

धरायला कोण होतं? तरणे लोक समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर, नाहीतर मोठ्या मासेमारी बोटींवर. म्हातारा उलाउस किनाऱ्याचा कारभारी, त्याचे हात कापतात. ह्योर्दिसची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. राहता राहिला तोर्लाइफ. आणि आमच्या बेटावर लोखंड धरायला बोलावलं तर नाही म्हणत नाहीत. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यानं बोलावलं तरी जातात. नाही म्हणणाऱ्याला मग कुणी दारातसुद्धा उभं करत नाही.

मी गेले. दार वाजवलं. म्हटलं, "लोखंड धरायला ये."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कडू औषध जिभेवर ठेवलेलं, आणि समोर पाहुणे बसलेले.

"कधी?"

"आत्ता."

उजवी बाजू आम्ही आधी घेतली. तो बाहेरून धरी, मी आतून ठोकी, आणि फळीच्या आरपार आमचं भांडण चाले.

"हळू ठोक गं. बकरीला खुंटा ठोकतेयस का?"

"बकरीला अक्कल असते. ती जर्मनांना भाड्यानं जागा देत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. खिडकीचं माप पण ठाऊक आहे."

त्यानं विषय बदलला. मग, "ही फेरी तुला जमायची नाही, गुनवोर. तू शिडावर कधी गेली आहेस का एकटी?"

"तुझ्याबरोबर जाणार आहे की! एकटी कशाला?"

कारण रीतच तशी. नव्या शिवणीच्या होडीची पहिली फेरी असते तेव्हा ज्यानं लोखंड धरलं त्यानं मधल्या फळीवर बसून जायचं. हे ऐकून त्यानं लोखंड पुढच्या खिळ्यावर सरकवलं. उजवी बाजू त्यानं मात्र चोख धरली. शत्रूचं खरं काम खोटं म्हणू नये. मला वाटतं त्याचा तोवर हिशेब असा होता की बाई दमेल, हातोडा टाकेल आणि रडत घरी जाईल. बाई दमली नाही. उजवी बाजू पुरी झाली, पाटाची पेटी बसली, डोलकाठी उभी राहिली. तेव्हा तो होडीभोवती एक चक्कर मारून आला, नव्या फळीवरून हात फिरवला आणि त्याचं तोंड बंद झालं. डावी बाजू शिवताना तो शब्द बोलला नाही. मी टोमणे मारून दमले. मनात म्हटलं, बरं झालं, जिरली एकदाची.

डावी बाजू झाल्यावर तो म्हणाला, "बाहेरून डांबर मी लावतो. तुझ्या गुडघ्यांना कशाला त्रास?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. तोर्लाइफला माझ्या गुडघ्यांची दया! पण मी थकले होते, आणि माणूस थकला की फुकटची दयासुद्धा गोड लागते.

मग होडीला पाणी पाजलं. वाळलेलं लाकूड आकसलेलं असतं, म्हणून आमच्याकडे नवी फळी घातली की होडी काठापर्यंत भरून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी आपोआप मिटतात. होडी भरली तर उजव्या शिवणीतून थेंब थेंब, आणि डावीकडून धार! सगळे जमले बघायला. उलाउसनं काठी टेकली, मान वाकडी करून पाहिलं आणि निकाल दिला, "पितेय पोरगी. डावी फळी झाडाच्या उत्तर अंगाची असणार. ते लाकूड घट्ट, सावकाश पितं."

"माझ्या बापाच्या होडीला आठवडा लागला होता," ह्योर्दिस म्हणाली.

"तुझ्या बापालाही प्यायला आठवडा लागायचा," उलाउस म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. मूर्खासारखी हसले. बेटावर एवढी शहाणी डोकी, पण होडी गळतेय म्हटलं की आम्ही सगळे एकच म्हणतो, पितेय. चोर घरात शिरला तरी आम्ही म्हणू, वारा आलाय.

तोर्लाइफ मागे उभा होता. त्याची अपेक्षा काय होती ते मला नंतर समजलं. त्याला वाटलं होतं, धार बघून मी हबकेन, फळी परत उघडेन आणि त्यात सांक्तहान्स निघून जाईल. पण अख्ख्या गावानं होडीला निर्दोष ठरवलं. त्याला तोंड उघडायची सोय राहिली नाही.

होडी रिकामी करून तरंगवली तर ती डावी शिवण पाण्याच्या वर राहिली. तळ कोरडा ठणठणीत. मी देवाचे आभार मानले.

सांक्तहान्सच्या दिवशी किनाऱ्यावर लाकडं रचलेली, लांब फळ्यांवर आंबट सायीची लापशी आणि सुकवलेलं मटण मांडलेलं, पोरंटोरं आरडाओरडा करत होती. वारा उजव्या अंगानं आणि चांगलाच ताजा. मी शीड बांधलं, पाट चढवला-उतरवला, आणि तोर्लाइफची वाट बघत बसले.

तो आला. नारिंगी जीवरक्षक जाकीट घालून, गळ्यापर्यंत पट्टे आवळून.

आमच्या बेटावर पुरुष जाकीट घालत नाहीत. ते शहाणपण नाही, मला माहीत आहे, पण घालत नाहीत. पोहायलाही शिकत नाहीत. आणि हा तर असा माणूस की हिवाळ्यातल्या वादळात स्वेटरवर निघायचा.

ह्योर्दिस ओरडली, "काय रे, बाप्तिस्मा घ्यायला निघालास?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. छाती गार ठेवू नको म्हणून."

लोक हसले. मला हसू आलं नाही. जूनमध्ये आमच्याकडे रात्रच होत नाही, पण चोराच्या मनात चांदणं असतंच. मी त्या जाकिटाकडे बघितलं, मग डाव्या फळीकडे. त्याचं ते मुक्यानं बसणं, ते डांबर, ती धार, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. एखाद्याच्या डोक्यात हातोडा घालावा असं मला आयुष्यात तेव्हाच वाटलं.

तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुनवोर, आज नको. वारा जास्त आहे. मी उलाउसला सांगतो, तुला एक आठवडा वाढवून देऊ."

"सांग ना. सगळ्यांसमोर सांग. का वाढवून द्यायचा तेही सांग."

त्यानं जाकिटाचा पट्टा आणखी आवळला.

"मग बस. मधल्या फळीवर."

"तुला कळतंय का तू काय करतेयस ते?"

"मला आजच सगळं कळलंय, तोर्लाइफ. बस."

सगळं गाव बघत होतं. तो बसला.

निघालो. आणि काय सांगू, होडी अशी धावली! पाट खाली, डोलकाठी पुढे, वाऱ्याच्या तोंडावर घेतली तरी तसूभर आडवी सरकली नाही. आस्लाक असता तर त्यानं मला उचलून घेतलं असतं. पण वारा उजवीकडून, म्हणून होडी डाव्या कुशीवर कलली, आणि ती शिवण पाण्याखाली गेली. पाणी आत यायला लागलं. आधी पाझर, मग लांब पट्टा, मग एक चकती टुणकन उडून तळाला पडली.

मी पायानं त्याच्याकडे लाकडी उपसणी ढकलली. "उपस."

"मागे फिरव."

"उपस म्हटलं ना."

तो उपसायला लागला. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. कातळ अजून लांब होता. त्यानं मान वर केली, तोंड पांढरंफटक. "दुसऱ्या कुशीवर घे! डावी बाजू वर येईल!"

"तिकडे उथळ खडक आहेत. तूच आस्लाकला दाखवले होतेस."

"मग मागे फिर! बाई, आपण बुडू!"

"तू कशाला बुडशील? तुला डॉक्टरांनी जाकीट दिलंय. बुडेन मी."

त्यानं उपसणी खाली टाकली आणि हाताची घडी घालून बसला. "फिरवत नाहीस तोवर मी हात लावणार नाही."

माझ्या एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. मला उपसता येत नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. फिरले असते तर होडीघर त्याचं. न फिरले असते तर समुद्राचा तळ माझा. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे बघितलं, ते पट्टे, ती हाताची घडी, आणि भीतीपेक्षा चीड मोठी झाली. मी दोरी ढिली केली नाही, उलट आणखी ओढून घेतली. होडी आणखी कलली. पाणी फळीवरून भसाभसा आत आलं.

"गुनवोर!"

"काय केलंस ते बोल आधी."

"तुला माहीत आहे!"

"तुझ्या तोंडून."

"ढिलं धरलं!" तो किंचाळला. "लोखंड ढिलं धरलं!"

"किती खिळे?"

"सगळे! डावीकडचे सगळे! आता फिरव, देवासाठी फिरव!"

"फिरणार नाही. उपस, नाहीतर माझ्याबरोबर चल खाली. जाकीट तुला वर ठेवेल, पण मी तुझा पाय सोडणार नाही."

मी खरंच सोडला नसता. त्यालाही ते दिसलं असावं. त्यानं उपसणी उचलली आणि दोन्ही हातांनी अशी चालवायला लागला की पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. रडत होता की धापा टाकत होता कोण जाणे. मी विचारलं नाही. कातळ जवळ आला, डाव्या हाताला आला, मागे गेला. मी वळवलं. वारा पाठीशी घेतल्याबरोबर होडी सरळ झाली, शिवण वर आली आणि गळती थांबली.

किनाऱ्याला लागलो तेव्हा आम्ही दोघं कमरेपर्यंत भिजलेले, होडीत अर्धं पाणी. उलाउसनं काठी जमिनीवर आपटली. "फेरी झाली. कातळ डावीकडे, शिडावर. होडीघर गुनवोरचं." बायका ओरडल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ह्योर्दिसनं मला गळ्याशी धरलं आणि तिचा एप्रन भिजवून घेतला.

मग उलाउसनं शेवटचा प्रश्न विचारला. पहिल्या फेरीनंतर ठोकणाऱ्याला तो विचारतातच. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, देणाऱ्याला माहीत असतं. उत्तर झालं की होळी पेटवतात.

"गुनवोर, लोखंड कसं होतं?"

'घट्ट' म्हणायचं असतं. मी आजवर दुसरं काही ऐकलेलं नाही. तोर्लाइफ होडीच्या पलीकडे उभा होता, जाकिटाचे पट्टे सोडायचा प्रयत्न करत होता, आणि त्याची थंड पडलेली बोटं ते सोडवू शकत नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हा, तेही तोंडानं नाही. होडीघर मला मिळालं होतं. तो एक शब्द बोलले असते तर सगळे लापशीकडे वळले असते.

"ढिलं," मी म्हटलं.

उलाउसला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. तो कानाला हात लावून पुढे वाकला. मी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तोर्लाइफनं लोखंड ढिलं धरलं. डावीकडचे सगळे खिळे. ही त्याची कबुली आहे, त्याला विचारा."

कुणी विचारलं नाही. उलाउस होडीत वाकला, डाव्या शिवणीला नख लावलं, डांबर खरवडलं. खिळ्यांची डोकी फळीपासून सुटून उभी होती. त्यानं ती एकेक बोटानं चाचपली आणि मग हात विजारीला पुसला. माणसं तोर्लाइफच्या बाजूनं सरकून उभी राहिली. त्याला कुणी शिवी दिली नाही. लापशीचा वाडगाही दिला नाही. तो तसाच जाकिटासकट चढ चढून घरी गेला, आणि त्याच्यामागे कुणी गेलं नाही.

होळी पेटवली, पण गाणं कुणी सुरू केलं नाही. ह्योर्दिस माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "होडीघर तर मिळालंच होतं ना गं. एवढं कशाला बोललीस? त्याच्या होडीच्या तळाच्या दोन फळ्या कुजल्यात. आता त्याला लोखंड धरायला बेटावरचा एकही माणूस जाणार नाही. मग त्याची फेरी कशी व्हायची?"

"माहीत आहे," मी म्हटलं, "म्हणूनच बोलले." आणि ताटातलं मटण संपवलं, कारण मला सडकून भूक लागली होती.